अक्काची काटी

नागम्मा अक्काला कुणी "जेवण झालं का?" असं विचारलं तर ती हो किंवा नाही म्हणत नसे. विचारणाऱ्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघून घ्यायची आणि मग म्हणायची, "कामून?" समोरचा नवखा असला तर गांगरायचा. आपण जेवणाचं विचारून काही गुन्हा केला की काय, असं त्याला वाटायचं. आम्ही शेजारी होतो, आम्हाला सवय होती. माझी आई हसून म्हणायची, "सहज इचारलं, अक्का." त्यावर अक्काचं ठरलेलं उत्तर असायचं, "सहज कुनी काय करत न्हाई. ह्यात कायतरी हाय."

आमचं गाव बीदरच्या पठाराच्या अगदी कडेला आहे, जनवाड्याकडे जाणाऱ्या अंगाला. गावात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू अशा तिन्ही भाषा एकाच पारावर बसतात. अक्का लिंगायत, घरात कन्नड बोलायची. आम्ही हटकर. माझे आजोबा मेंढरं राखायचे, वडिलांच्या वाट्याला थोडी शेती आणि बरीच मजुरी आली. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि अक्काला त्या भिंतीचाही भरवसा नव्हता. तिला तिन्ही भाषांत सारखाच संशय घेता यायचा. मराठीत कामून, दखनीत कायकू, कन्नडात याके. माणूस बघून ती भाषा बदलायची, प्रश्न मात्र तोच.

आमच्या घरी रंगीत टीव्ही आला तेव्हा अक्का संध्याकाळच्या बातम्यांना येऊन बसायची. बातम्या देणारी बाई गोड चेहऱ्याची होती, तेच अक्काला खटकायचं. "ही हसून सांगायलीय, म्हंजी खोटं हाय," असं म्हणून ती उठायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. तिचा मुलगा बसवराज हैदराबादेत एका कंपनीत लागला होता. खाली सडकेवर एसटीडीचा बूथ निघाला आणि त्याचा पहिला फोन आला, तेव्हा अक्काला मीच घेऊन गेले होते. रिसीव्हर कानाला लावून तिनं सगळ्यात आधी काय विचारलं असेल? "बसू असशील तर सांग, तुझ्या पाठीवर तीळ कुठं हाय?" पलीकडून बसवराज वैतागून म्हणाला, "मला माझी पाठ कशी दिसंल, अव्वा?" तेव्हा कुठं तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बसूच हाय," ती मला म्हणाली. "दुसरा असता तर कुठंतरी सांगून मोकळा झाला असता."

नवऱ्यालाही तिनं सोडलं नव्हतं. शिवलिंगप्पा जिवंत असताना तो बाजाराला म्हणून बीदरला जायचा आणि परत आला की अक्का त्याच्या हाताचा वास घ्यायची. तिच्या मते तो बाजाराला नव्हे, भजी खायला जायचा. तो गेल्यावर त्याची समाधी कड्याच्या खाली, झऱ्याजवळच्या त्यांच्या शेताच्या तुकड्यात झाली. लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात. तेव्हापासून दर सोमवारी अक्का बेलाची पानं आणि विभूती घेऊन खाली उतरायची. मी एकदा सोबत गेले होते. समाधीवरचा पाचोळा हातानं बाजूला सारत ती म्हणाली, "जित्तेपनी एका जागी बसला न्हाई हा मानूस. म्हनून बघून जाते, हाय का गेला कुठं." असं म्हणून ती बराच वेळ तिथंच बसून राहिली. तिचं त्या माणसावर किती प्रेम होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

ज्या वाटेनं आम्ही उतरलो होतो ती झऱ्याची वाट. गावाच्या टोकापासून निघते, जांभ्या दगडाच्या कड्यावरून वळत वळत खाली उतरते, झरा आणि महादेवाचं छोटं देऊळ ओलांडून सडकेला मिळते. सडकेवर बीदरची बस थांबते. गावाच्या बायका, शाळेची पोरं, शेळ्यामेंढ्या, सगळे त्याच वाटेनं. श्रावणात तर पार मैलूरहून माणसं चालत यायची. ती वाट कुणी बांधली नव्हती. कुणाच्या मालकीची आहे, असंही कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. अक्काच्याही नाही, आणि ही गोष्ट मला आजही नवलाची वाटते.

एका वर्षी दसऱ्यानंतर वादळ झालं. शाळेचे पत्रे उडून शेतात पडले. मोठ्या वळणावरची चिंच मुळासकट उन्मळली आणि जाताना वाटेची कडच घेऊन गेली. तिथं आता पाऊल ठेवण्यापुरती जागा उरली होती आणि तीही ओली. दुसऱ्या दिवशी सकाळी हनमंताची कालवड तिथून घसरली आणि पाय मोडून घेतला. ते ओरडणं ऐकून अक्का गेली, बघून आली, आणि बाभळीची एक मोठी काटेरी फांदी ओढत नेऊन तिनं वाटेच्या तोंडाशी आडवी टाकली. वर दगड ठेवला.

याला आमच्याकडे काटी लावणं म्हणतात. काटी लावली की वाट बंद. कुणी लावली, का लावली, हे नंतर विचारायचं, आधी थांबायचं. आणि ज्यानं लावली त्यानंच ती उचलायची. कशासाठी लावली ते त्यालाच ठाऊक असतं, तेव्हा ते कारण मिटलं की नाही हेही त्यालाच कळणार, असा त्यातला विचार. दुसऱ्याच्या काटीला आमच्या गावात आजही कुणी पाय लावत नाही. माणूस बरोबर असो की चूक, त्याची काटी त्याची.

पंधरवडा गेला तशी माणसं कुरकुरायला लागली. बससाठी आता सगळ्यांना डांबरी रस्त्यानं लांबून वळसा पडायचा. हनमंता चार जण घेऊन अक्काच्या दारात आला. म्हणाला, "अक्का, काटी उचल. आमी दगडं आनून कड बांधताव."

"कामून इतकी घाई?"

"पोरांला शाळेला लांब पडायलंय."

"पोरांचं नाव सांगू नको. तुला चिंचंचं लाकूड पाहिजे. वाट उघडली की गाडी लावून नेतोस."

हनमंता हात जोडून परत गेला. आठवड्याभरानं पंचायतीचा सदस्य आला, त्यालाही तिनं असंच परतवलं. तिच्या मते त्याला कामाची पाटी लावून फोटो काढायचा होता. आता खरं सांगायचं तर या दोन्ही शंकांत थोडं तथ्य होतं. अक्काच्या संशयाची हीच पंचाईत होती, तो कधी पूर्ण खोटा नसायचा. आणि स्वतःचं म्हणाल, तर दर सोमवारी ती त्या लांबच्या रस्त्यानं, दुखरे गुडघे घेऊन, समाधीला जाऊन येतच होती.

त्याच हिवाळ्यात कड्याचा उतार आणि खालची काही शेतं हैदराबादच्या एका मालकानं विकत घेतली. तेव्हा सगळीकडेच असं चाललं होतं. मालक कुणी पाहिला नाही, आला तो त्याचा मॅनेजर. पांढरी जीप, इस्त्रीचे कपडे, बोलणं एकदम मऊ. पहिल्याच दिवशी तो खालून उतार चढून आला आणि काटीपाशी थांबला. ओलांडली नाही. तिथूनच हाक मारून विचारलं, ही काटी कुणाची? मग गाडीनं वळसा घेऊन अक्काच्या दारात आला, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "अम्मा, फार चांगलं काम केलंत. कुणाचा जीव गेला असता."

"कामून आलाव तुमी?"

"तुमची परवानगी घ्यायला. आम्ही गवंडी आणून कड पक्की बांधणार आहोत."

"तुमाला काय पडलंय त्याचं?"

"आमच्या जमिनीवर कुणी पडलं तर पाप आम्हाला लागेल, अम्मा. काम होईपर्यंत काटी उचलू नका. कुणी कितीही म्हटलं तरी. झालं की मी स्वतः येऊन सांगेन."

तो बराच वेळ बसला. अक्कानं विचारलेल्या प्रत्येक 'कामून'ला त्यानं न चिडता उत्तर दिलं. आम्ही कुणी हे कधी केलं नव्हतं. आम्ही हसायचो किंवा वैतागायचो. तो गेल्यावर अक्का भिंतीपलीकडून आईला म्हणाली, "मानूस बरा हाय." आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. अक्कानं कुणाला बरं म्हटलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "ह्यात कायतरी हाय," आई हळूच म्हणाली, आणि त्या दिवशी ते वाक्य पहिल्यांदा आमच्या घरातून निघालं.

उन्हाळा आला. मॅनेजर अधूनमधून यायचा, काटीपाशी थांबायचा, वर कुणी दिसलं तर अक्काला नमस्कार सांगायचा. गवंडी मात्र आले नाहीत. कुणी विचारलं तर अक्का म्हणायची, सिमेंट महाग झालं असेल, माणसं मिळत नसतील. ती दुसऱ्याची बाजू घेऊन बोलते आहे, हे ऐकायलाच चमत्कारिक वाटायचं. मृगाच्या आसपास एका सकाळी ती काटी बघायला म्हणून गेली. बाभळीचा पाला केव्हाच झडून गेला होता, नुसते काटे राहिले होते. त्या काट्यांच्या पलीकडे सिमेंटचे खांब उभे होते. सोमवारी ती समाधीला गेली तेव्हा तिथं यातलं काहीच नव्हतं. खांबांना काटेरी तार होती, आणि मोठ्या वळणाच्या खाली, जिथून वाट पुढं उतरायची तिथं लोखंडी फाटक, त्याला कुलूप.

खाली मॅनेजर माणसांकडून आंब्याची रोपं लावून घेत होता. अक्कानं वरून हाक मारली. तो आला, पण या वेळी चेहऱ्यावरचा मऊपणा थोडा कमी होता. "वाट तुम्हीच बंद केलीत ना, अम्मा?" तो म्हणाला. "आम्ही काय केलं?"

अक्का घरी आली आणि ओसरीवर बसली. आईनं विचारलं, "अक्का, चहा घेतीस का?" अक्कानं कप घेतला आणि पिऊन टाकला. कामून नाही, काही नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती कुणालाही काही विचारत नव्हती. दूधवाल्यानं दूध घातलं की भांडं आत नेऊन ठेवायची, पाणी घातलंय का बघायला त्यात बोटही बुडवायची नाही. आई घाबरली, मीही. एका दुपारी मी तिच्याजवळ नुसतीच जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "शोभे, सगळ्या गावावर मी शक घेतले. घरच्यावर घेतले. अन् ज्याच्यावर घ्यायाचं त्याच्यावर घेतले न्हाई. गोड बोलला म्हनून." मग म्हणाली, "तिकडं ह्यो एकटा बसलाय खाली. कुलपात." शेतावर जायलाही आता त्या तारेतूनच जावं लागणार होतं, खालच्या बाजूनंही कुंपण आलं होतं. मला रडू आलं. तिला नाही आलं. ती काहीतरी विचार करत होती.

श्रावणातला पहिला सोमवार आला. मैलूरची माणसं नेहमीप्रमाणे झऱ्याला जायला म्हणून चालत आली आणि वर काटीपाशी अडली. आमचं गाव जमलं. आवाज चढले. कुणीतरी खबर दिली असावी, दुपारपर्यंत तालुक्याहून एक साहेब आले, सोबत दोन पोलीस. मॅनेजर फाटक उघडून उतार चढून वर आला आणि काटीच्या पलीकडे उभा राहिला. साहेब अलीकडे. मॅनेजरकडे खरेदीचे कागद होते, तो शांत होता. तो म्हणाला, "सर, इथं वाट नाहीच. झाडोरा आहे, खासगी जमीन आहे. पूर्वी असेल काही, पण ते गावानंच बंद केलं. ही काटी बघा. आमची नाही. विचारा कुणाची आहे ते."

सगळे अक्काकडे बघायला लागले. ती पुढं झाली. "मेरी है, साब," ती दखनीत म्हणाली. "काटी मैं लगाई."

गर्दीतून एक सुस्कारा निघाला. हनमंतानं कपाळाला हात लावला. साहेबांनी मान हलवली, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलंच होतं. मग अक्का म्हणाली, "कायकू लगाई, पूछो."

साहेबांनी विचारलं. त्यानंतर ती जे बोलली ते कन्नड, मराठी, दखनी, सगळ्यांत मिसळून बोलली, म्हणजे तिथं उभ्या प्रत्येकाला कळावं म्हणून. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या गावाकडं रानाला काटी लावत्यात का कुनी? खडकाला लावत्यात? काटी वाटंलाच लावत्यात. वाट पडली म्हनून मी लावली. वाट नव्हती तर ह्या म्हातारीनं काटी कशाला लावली?"

साहेब ऐकत होते. अक्कानं बोट मॅनेजरकडे केलं. "अन् ह्यांना इचारा. आल्या दिवसापासून हे तिथंच थांबत्यात. माझ्या घरला यायचं तर गाडीनं वळसा घालत्यात, पर काटी वलांडत न्हाईत. आत्ता बी बघा, कुठं उभं हायत. वाट न्हाई म्हनत्यात, तर मग काटीला कामून थांबलेत?"

सगळ्यांनी बघितलं. मॅनेजर खरोखरच काटीच्या पलीकडे, चपलेचं टोकही पुढे न येईल असा उभा होता. तोही कुठल्यातरी गावातच वाढला असणार. त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं, त्यानं तर आणखीच घोटाळा झाला. मैलूरच्या बायका हसायला लागल्या. साहेबांनाही हसू आवरेना. ते मॅनेजरला कन्नडात म्हणाले, "आमच्याही गावात हेच आहे. काटी असली म्हणजे खाली वाट असते. फाटक ठेवा पाहिजे तर, कुलूप काढा."

तरीही कुणी पुढं पाऊल टाकलं नाही. पोलीसही नाहीत. काटी अजून तिथंच होती ना. अक्का वाकली, दगड बाजूला सारला आणि ती वाळलेली फांदी दोन्ही हातांनी उचलून कडेला टाकली. हाताला काटे लागले, रक्त आलं, ते तिनं पदराला पुसलं. मग गर्दीकडे वळून म्हणाली, "आता बघत काय ऱ्हायलाव? दगडं आना." हनमंता सगळ्यात पुढे धावला. संध्याकाळपर्यंत जांभ्याचे दगड रचून मोडकी कड चालण्यापुरती झाली, आणि दिवस मावळायच्या आत अक्का नवऱ्याला बघून आली.

गावानं चिंचेच्या लाकडावर चहा केला, सगळे खुशीत. अक्का सोडून. "इतक्या सहज कुलूप काडलं? ह्यात कायतरी हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सोमवार नसतानाही खाली जायला लागली. रोज. मी विचारलं, गुडघे दुखतात तर रोज कशाला? "ह्यांना आता कुलूप लागत न्हाई, शोभे. मानसं चालली न्हाईत की गवतच त्यांचं काम करतंय." ती दिसेल त्याला वाटेवर ढकलायची. बाजाराला निघालेल्या बायकांना, डांबरी रस्त्यावर भाड्याच्या जीपची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांना. जीपमध्ये बसणाऱ्यांवर तिचा विशेष राग होता, ते मॅनेजरला फितूर झालेत असं ती उघड म्हणायची.

तिची खरी भीती वेगळीच होती आणि ती बरोबर होती. फाटक उघडं राहिलं, पण त्यातून जाणारी माणसं गावातून निघून चालली होती. कुणी हैदराबाद, कुणी पुणे, कुणी मुंबई. दर दसऱ्याला एखाद्या घराला नवं कुलूप दिसायचं. मला नर्सिंग झाल्यावर पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी वडिलांनी जीप सांगितली होती, ती अक्कानं परत पाठवली. माझी बॅग स्वतः डोक्यावर घेऊन वाटेनं फाटकापर्यंत आली. मी पाया पडले. "येते, अक्का," म्हटलं.

"कामून?" ती म्हणाली. "तिकडं गेलेलं कुनी येत न्हाई. येते म्हनत्यात सगळे."

मी येत राहिले. वर्षातून एकदा, कधी दोनदा, आणि प्रत्येक वेळी सडकेवर उतरून वाटेनंच वर चढले. वरच्या टोकाला ती बसलेली असायची. मला बघून आनंद व्हायचा तिला, पण म्हणायची, "रजा देली का काडून टाकलं?"

मग एकदा भल्या पहाटे आईचा मोबाईलवर फोन आला की अक्का गेली. मी विचारलं, "कोण म्हणालं? डॉक्टरांनी बघितलं का? नाडी कुणी बघितली?" आई रडतारडता म्हणाली, "बाई गं, तू बी तशीच झालीस." मी मिळेल त्या गाडीनं निघाले. बसवराजही यायचा होता, म्हणून गावातले थांबले होते.

अक्काला फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे आमच्याकडच्या बसत्या तिरडीत, बसवलं होतं, कपाळाला विभूती. डोळे अर्धवट उघडे राहिले होते, आणि आत्ता विचारेल की काय, असं वाटत होतं. बसवराज दमून आला होता. म्हणाला, विमान घेऊन कड्यावरून उतरणं अवघड आहे, खांद्याला माणसंही पुरेशी नाहीत, टेम्पो सांगू, रस्त्यानं नेऊ. आई पुढं झाली. "अक्का टेम्पोत बसायची न्हाई," ती म्हणाली. "ड्रायव्हरवर तिचा भरवसा न्हाई." बसवराज आधी हसला आणि मग तिथंच खाली बसून रडला. हनमंतानं विमानाला पहिला खांदा दिला.

वळणावर जांभ्याच्या त्या कडेपाशी सगळ्यांनी जपून पाय टाकले. कड हलली नाही. फाटकाची एकच लहान फळी उघडी असायची, त्यातून विमान जाईना. मॅनेजरनं फाटकावर ठेवलेल्या राखणदारानं आमच्याकडे बघितलं, डोक्याचं फडकं काढलं आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. अक्काला शिवलिंगप्पाच्या शेजारी बसवलं.

गेल्या वेळी मी गावी गेले तर बस सडकेवर थांबली, मी उतरले आणि झऱ्याच्या वाटेला लागले. राखणदार नवा होता, तरुण, इस्त्रीच्या कपड्यातला, बोलणं एकदम मऊ. फाटकात उभा राहून हसून म्हणाला, "कुठं जायचंय, ताई?"

मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"कामून?" मी म्हटलं.

तो बाजूला झाला.